मैदानात उतरलेलं कलम २५

दसऱ्याची सकाळ, १४ ऑक्टोबर १९५६. नागपुरात बर्डीवरच्या श्याम हॉटेलजवळ तुम्ही उभे आहात. बाबासाहेब आंबेडकर इथंच उतरलेत. रस्ता पांढराशुभ्र झालाय, जिकडं बघावं तिकडं पांढरी धोतरं आणि पांढरी लुगडी. शेजारच्या बाईच्या लुगड्याची घडी नुकतीच मोडलेली. खळीचा वास अजून येतोय.

"कुठून आल्या, बाई?"

"भंडाऱ्याकडून जी. पायीच आलो," असं म्हणत ती कडेवरचं लेकरू सावरते आणि झपाझप निघते. तुम्हीही लोंढ्याबरोबर श्रद्धानंद पेठेतल्या मैदानाकडं वळता.

बाबासाहेब व्यासपीठावर येतात. एका हातात काठी, दुसरा हात सहायक नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर. शेजारी पत्नी माईसाहेब. कुशीनाऱ्याहून आलेले वयोवृद्ध महास्थवीर चंद्रमणी त्यांना त्रिशरण आणि पंचशील देतात. दोघं बुद्धमूर्तीपुढं तीनदा वाकतात, पांढरी कमळं वाहतात. येवल्याला १९३५ साली दिलेला धर्मांतराचा शब्द एकवीस वर्षांनी पुरा होतो. मग बाबासाहेब लोकांकडं वळतात : ज्यांना धम्म स्वीकारायचा आहे त्यांनी उभं राहावं. अख्खं मैदान उठतं. बावीस प्रतिज्ञा लाखो तोंडांतून एकदम निघतात आणि तुमच्या अंगावर काटा येतो.

या लाखोंपैकी एकालाही 'धर्म का सोडतोस' म्हणून सरकारदरबारी जबाब द्यावा लागलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातलं कलम १८ धर्म बदलण्याचा हक्क स्पष्ट सांगतं. आपल्या घटनेचं कलम २५ सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, आणि त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष तुमच्यासमोर तो हक्क स्वतः बजावताहेत. दीक्षा घेणाऱ्यांत निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगीही आहेत. मिशनऱ्यांच्या धर्मांतरांवर कडक अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच, आणि तो अहवालही याच वर्षीचा! नागपूर या दिवशी अजून मध्य प्रदेशात आहे. त्याच राज्यात १९६८ साली कायदा होईल आणि धर्मांतर घडवणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावं लागेल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर या. लोकांच्या मनातली धाकधूक बाबासाहेबांना ठाऊक आहे : धर्म बदलला की अनुसूचित जातीच्या सवलतींचं काय? ज्यानं त्या मिळवल्या तो पुन्हा मिळवून देईल, असा भरवसा ते देतात. पण हातात दोन महिनेही नाहीत. ६ डिसेंबरला ते जातात.

आता १९७८ सालात या. कडेवरचं ते लेकरू केंद्र सरकारच्या नोकरीचा अर्ज भरतंय. धर्माच्या रकान्यात ते ताठ मानेनं 'बौद्ध' लिहितं आणि अनुसूचित जातीची राखीव जागा तिथंच हातची जाते. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानं त्या यादीत आधी जवळपास फक्त हिंदू ठेवले, १९५६ मध्ये सगळे दलित शीख आले. महाराष्ट्रानं आपल्यापुरत्या नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राची यादी बौद्धांसाठी उघडायला १९९० उजाडलं. तोवर त्या लेकराचं नोकरीचं वय निघून गेलेलं.

दलित ख्रिश्चन आणि मुसलमानांना त्या यादीचं दार आजही बंद आहे. देव बदलला म्हणून गाव जात विसरत नाही, हे कोणाला सांगायला नको. धर्म बदलायचा हक्क घटनेनं दिला असेल, तर तो बजावल्याचा दंड सरकारनं वसूल करू नये.