खाऱ्या पाण्यातलं रीळ

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड अटलांटिक महासागरात लांबवर घुसलेलं आहे. त्याच्या टोकाला माँटॉक. शरद ऋतूत स्ट्राइप्ड बास हा पट्टेरी मासा थव्याथव्याने दक्षिणेकडे निघतो, तेव्हा या किनाऱ्यावर रात्रीची माणसं जमतात. पाणबुड्यांसारखे रबरी पोशाख घालून ती पाण्यात शिरतात. काही जण तर पोहत जातात आणि किनाऱ्यापासून दूरच्या एखाद्या बुटक्या खडकावर चढून उभे राहतात. लाट छातीवर फुटते, दांडीवरचं रीळ तिच्याखाली जातं, लाट ओसरली की निथळत वर येतं. पहाटेपर्यंत हे असंच चालतं.

अशा रात्रीतून धड बाहेर येणारं रीळ एका दिवसात घडलेलं नाही. या यंत्राचा जन्म समुद्रासाठी झालाच नव्हता. ते जन्मलं नदीच्या गोड पाण्यासाठी, हलकं आमिष दूर फेकता यावं म्हणून. पुढे माणसांनी ते उचलून पुळणीवर नेलं, आणि मग सुमारे शंभर वर्षं मीठ आणि वाळू त्यातला एकेक भाग तपासत राहिली. आज दुकानात उभा राहून गिऱ्हाईक जे प्रश्न विचारतो, म्हणजे आत पाणी शिरतं का, ड्रॅग कसला आहे, तारेची कमान हवी की नको, त्यातला प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर मोडलेल्या रिळातून आला आहे.

आधीची रिळं कशी होती ते समजायला पतंगाची फिरकी डोळ्यांसमोर आणावी. पतंगाने मांजा ओढला की फिरकी गरगरते. जुनं रीळही तसंच: फेकलेलं शिसं पुढे धावलं की दोर गुंडाळलेली चकती स्वतः फिरायची. शिसं हवेत मंदावलं तरी चकती आपल्या वेगात फिरतच राहायची, आणि सैल सुटलेल्या दोराचा असा गुंता व्हायचा की तो सोडवण्यातच रात्र जायची. उपाय एकच, चकतीवर अंगठा ठेवून तिला आवरणं. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या कटीहंक बेटावर न्यूयॉर्कच्या धनिकांनी 1864 मध्ये मासेमारीचा क्लब काढला. तिथे खडकांवर लाकडी मचाण बांधून ही मंडळी बास पकडत. अंगठा भाजू नये म्हणून रिळावर चामड्याची पट्टी असे. तागासारख्या जवसाच्या धाग्याचा दोर रोज धुऊन वाळवावा लागे, नाहीतर तो कुजे. रीळ नसलेली माणसं शिसं डोक्याभोवती गरगर फिरवून हातानेच समुद्रात भिरकावत आणि दोर हातानेच ओढून घेत. कोकणातल्या हाताने फेकायच्या गरीची ही अटलांटिककडची बहीण.

चकती न फिरवता दोर सोडता येईल का? या प्रश्नाचं पहिलं यशस्वी उत्तर स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या पीटर मॅलॉकने दिलं. 1884 च्या सुमारास त्याने असं रीळ केलं की त्याची चकती फेकताना काटकोनात वळवायची. मग दोर तिच्या कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी निसटत जाई, आणि चकती मात्र जागची हलत नसे. गुंडाळताना ती पुन्हा सरळ करायची. गुंता गेला, पण नवी अडचण आली: प्रत्येक वेटोळ्यागणिक दोराला पीळ पडू लागला.

पुढचं पाऊल सूतगिरणीतून आलं. इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या कापडाचं शहर, आणि आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ तिथल्या गिरणीवाल्या घराण्यातला. कांडीच्या टोकावरून सूत कसं अलगद उतरतं हे त्याच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. सुताला ओढ बसते तेव्हा कांडी फिरत नाही, सूतच तिच्या टोकावरून सुटत येतं. गिरणगावात ज्यांनी धोटा आणि कांडी हाताळली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. इलिंगवर्थने 1905 मध्ये याच कल्पनेवरच्या रिळाचं पेटंट घेतलं. त्यात स्पूल, म्हणजे दोराची चकती, कायमचं दांडीच्या दिशेने तोंड करून बसवलेलं होतं आणि मूठ फिरवली की दोर धरणारा एक हात त्याच्याभोवती फिरून दोर गुंडाळत असे. आता फुंकरीइतकं हलकं आमिषही बारीक रेशमी दोऱ्यावरून दूर जाऊ लागलं. ट्राउट पकडणारे खूश झाले. समुद्राचा विचार अजून कुणाच्या मनात नव्हता.

मात्र फेकून झालं की दर वेळी बोटाने दोर उचलून त्या हातात अडकवावा लागे. उत्तर इंग्लंडच्या अ‍ॅनिक गावातल्या हार्डी ब्रदर्सने 1932 मध्ये आपल्या ‘अल्टेक्स’ रिळावर पूर्ण तारेची कमान बसवली. मूठ फिरवताच ही कमान खटकन मिटून दोर आपोआप पकडी. गरवणारे तिला ‘बेल’ म्हणतात. आज स्पिनिंग रीळ म्हटलं की हीच कमान डोळ्यांपुढे येते. पुढे समुद्रावर सगळ्यात जास्त दगा तिनेच दिला.

दरम्यान ऑस्ट्रेलियात पुळणीने स्वतःची वाट काढली होती. ब्रिस्बेनमध्ये चार्ल्स अल्वीने 1920 मध्ये रिळं करायला घेतली. ती मॅलॉकच्या कुळातली, म्हणजे कडेला वळणारी. मोठी चकती, तिच्यावरच बसवलेल्या मुठी, आणि आत जवळजवळ काहीच नाही. दातेरी चक्रं नाहीत, कमान नाही. चकतीच्या एका फेरीत जेवढा दोर मावेल तेवढा येतो, म्हणून ती मोठी. वाळूत पडलं तर समुद्राच्याच पाण्यात खळबळून काढायचं आणि पुन्हा फेकायला घ्यायचं. दोराला पीळ बसतो, तो सोडवायला फिरती कडी लावायची. क्वीन्सलंडच्या पुळणींवर अल्वी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वस्तूंत तिथे या रिळाची गणना होते.

बाकीच्या जगाने मात्र दातेरी चक्रांची वाट धरली, आणि ती वाट फ्रान्समधल्या घड्याळजींच्या गावातून गेली. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या क्लूझमध्ये 1848 मध्येच घड्याळकामाची शाळा निघाली होती. नाजूक चक्रं कापणारे कुशल हात त्या दरीत घरोघरी होते. तिथल्या कार्पानो-ए-पाँस कारखान्याने ‘मिचेल’ रीळ काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकेत पोचलं आणि लाखोंनी खपलं. खपायला आणखी एक कारण होतं. अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्सच्या प्रयोगशाळेत 1935 मध्ये नायलॉन तयार झालं होतं. त्याचा एकेरी धागा, म्हणजे आपल्याकडचा तंगूस, कुजत नाही, रोज वाळवावा लागत नाही, आणि स्थिर स्पूलवरून सरसरत सुटतो. रीळ आणि तंगूस यांची जोडी जमली. हलक्या रिळांपाठोपाठ ‘मिचेल 302’सारखी मोठी रिळं आली आणि नदीकाठचं यंत्र पुळणीवर उभं राहिलं.

इथून मिठाची परीक्षा सुरू झाली.

खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. ॲल्युमिनियमच्या अंगात पोलादी स्क्रू बसवला आणि दोघांमध्ये समुद्राचं पाणी शिरलं, की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. तिच्यात पोलाद वाचतं आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. स्क्रूभोवती दिसणारी पांढरी भुकटी ही त्या झिजेची खूण. पाणी सुकलं तरी सुटका नाही, कारण मागे राहिलेले मिठाचे कण हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि कपाटात ठेवलेलं रीळही आतून खात राहतात. भर म्हणून वाळू असतेच. तिच्यातली गारगोटी बऱ्याच धातूंपेक्षा कठीण असते आणि ग्रीसमध्ये मिसळली की कानशीसारखी घासते.

धातूवर संरक्षक थर चढवण्याची युक्ती विमानांच्या कारखान्यातून आली. ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा घट्ट थर वाढवायची प्रक्रिया, म्हणजे ॲनोडायझिंग, 1923 मध्ये ब्रिटनमध्ये उद्योगात आली. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे भाग समुद्राने खाऊ नयेत, हे तिचं पहिलं काम होतं. पुढे समुद्री रिळांच्या अंगावर हाच थर आला. तो आहे तोवर ॲल्युमिनियम सुरक्षित असतं, खडकावर घासून खरवडला की मीठ तिथूनच आत शिरतं.

टिकाऊपणाची अमेरिकन कल्पना घडवण्यात फिलाडेल्फियाचा मोठा वाटा आहे. जर्मनीहून आलेल्या ऑटो हेन्झेने 1932 मध्ये, ऐन मंदीत, तिथे पेन कंपनी सुरू केली. सुरुवातीची तिची सगळी रिळं जुन्या फिरत्या जातीची होती. 1961 मध्ये तिने ‘स्पिनफिशर’ ही स्पिनिंग रिळं काढली. रंगाने हिरवी, वजनाला भारी, आत जाडजूड वर्म गिअर. त्यांचं खरं बळ वेगळंच होतं: पेचकस हातात असला की मालक ती घरच्या मेजावर खोलू शकत होता. मोडलेला भाग क्रमांकाने मागवायचा, बसवायचा, ग्रीस भरायचं. तेव्हाची रिळं आजही कुणी कुणी वापरताना दिसतात.

कमानीचा दगाही याच काळात लक्षात आला. पुळणीवरून शंभर मीटरपर्यंत फेकायचं तर दांडी सगळ्या ताकदीने झोकावी लागते. त्या झटक्याने कमान मध्येच मिटली, तर दोर जागीच तुटतो आणि शिसं एकटंच समुद्रात जातं. कमानीची स्प्रिंगही तुटते, आणि ती बहुधा रात्री तुटते. पेनने आपल्या 704 रिळाचंच कमान नसलेलं भावंड 706 विकायला ठेवलं. त्यात दोर पुन्हा बोटाने उचलून बसवायचा. इलिंगवर्थची 1905 ची सवय अशी परत आली, आणि किनाऱ्यावरच्या जाणत्यांनी ती आनंदाने अंगवळणी पाडली.

ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढू लागला की स्पूलला आवळून, पण न अडवता, सरकू देणारा ब्रेक. 21 सप्टेंबर 1982 च्या वादळी रात्री अटलांटिक सिटीच्या दगडी धक्क्यावरून अल्बर्ट मॅकरेनॉल्ड्सने 78 पौंड 8 औंसांचा, म्हणजे साडेपस्तीस किलोंहून जड स्ट्राइप्ड बास पकडला. हा विक्रम 2011 पर्यंत टिकला. तासाहून जास्त वेळ तो मासा ओढत होता. अशा झुंजीत ड्रॅग अडखळला तर पुढच्याच क्षणी तंगूस तुटतो. जुन्या रिळांत ड्रॅगच्या चकत्या चामड्याच्या किंवा नमद्याच्या असत. पाणी लागलं की त्या फुगत, सुकल्या की कडक होत, आणि ओढ गुळगुळीत न राहता हिसक्याहिसक्याने बसे. कार्बन तंतूच्या चकत्या आल्यावर हा त्रास बराच कमी झाला.

1990 च्या दशकात दोन गोष्टी जवळपास एकत्र आल्या. पहिली, पॉलिएथिलीनच्या तंतूंचा विणलेला दोर. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा तो कितीतरी बारीक, आणि जवळजवळ न ताणला जाणारा. तंगूस थोडा ताणून धक्का सोसायचा, या दोरात सगळा धक्का थेट रिळाच्या चक्रांवर येऊ लागला. त्याच्या घासण्याने दोर वळवणाऱ्या चिमुकल्या रोलरवर चऱ्या पडू लागल्या. दुसरी गोष्ट म्हणजे व्हॅन स्टाल हे रीळ. ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कापलेलं अंग, सगळीकडे पाणी अडवणारी सीलं, आणि कमान नाही. माँटॉकच्या खडकांवर पोहत जाणाऱ्यांनी ते हातोहात घेतलं. नावाचा डच अर्थ ‘पोलादाचा’.

पण सील म्हणजे बंद दार. पाणी आत जात नाही, तसा मालकही आत जात नाही. दुरुस्तीसाठी असं रीळ जाणकार कारागिराकडे किंवा कारखान्यात पाठवावं लागतं. जपानच्या दाइवाने तर रबरी सीलाऐवजी चुंबकीय तेल वापरलं. चुंबकाने जागच्या जागी धरून ठेवलेला तेलाचा पडदा पाणी अडवतो आणि घर्षणही जवळजवळ करत नाही. असा द्रव नासाच्या स्टीव्हन पॅपेलने 1963 मध्ये, अंतराळात वजनरहित इंधन ओढून घेता यावं म्हणून तयार केला होता. दाइवाचं हे रीळही घरी खोलायची सोय नाही. म्हणून टिकाऊ रीळ निवडताना दोन घराणी समोर येतात: खोलता येणारं आणि बंद. खडकावर लाटेखाली उभं राहणाऱ्याला बंद रीळच वाचवतं. कोरड्या पुळणीवरून फेकणाऱ्याला, ज्याच्या गावापासून कारागीर शेकडो किलोमीटर दूर आहे, खोलता येणारं रीळ जास्त वर्षं साथ देतं. आता खोक्यावर आयपीएक्स5, आयपीएक्स6 असे आकडे छापलेले असतात. ते नळीतून जोराने मारलेल्या पाण्याच्या चाचणीचे आहेत. ती चाचणी गोड्या पाण्याची आणि काही मिनिटांची असते. त्यात वर्षभराचं मीठ मोजलेलं नसतं.

कोकणातही आता हेच प्रश्न आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खडकांवर आणि रायगडच्या खाड्यांच्या मुखाशी स्पिनिंग रिळं घेऊन गरवणारे दिसतात. कुणी जिताड्याच्या मागे असतो, कुणी तांबोशीच्या. इथली दमट हवा आणि पावसाळ्याचे चार महिने रिळाला विसावा देत नाहीत. जाणता गरवणारा घरी आला की आधी ड्रॅग आवळतो, म्हणजे पाणी चकत्यांत जाणार नाही. मग तांब्याने हळू पाणी ओततो. नळीचा जोराचा फवारा मीठ आत ढकलतो, म्हणून तो टाळतो. पुसून झालं की ड्रॅग सैल करून रीळ सावलीत वाळत घालतो, रोलरवर तेलाचा थेंब सोडतो. त्याच खडकांवर, थोड्या अंतरावर, एखादा म्हातारा अजून हातानेच गरी फिरवून फेकत असतो. त्याच्याकडे दोर, शिसं आणि गळ, एवढंच.