बावीस वर्षांचा नाईक

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावलं होतं, "सर, इतिहासाचं काहीतरी लिहा, पण सनावळ्या कमी." तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला हे पथ्य जड जातं. तरी प्रयत्न करतो.

आपल्या धुळ्यात पहाटे फिरायला जाणाऱ्यांना रस्त्याच्या कडेने धावणारी मुलं रोज दिसतात. कुणी साक्रीकडचा, कुणी पारोळ्याचा, कुणी चाळीसगावचा. सगळ्यांना भरतीची ओढ. निवड झाली की गावात पेढे वाटले जातात आणि आई अभिमानाने सांगते, "आमना पोर्‍या फौजमा शे." ही मुलं पाहिली की मला हटकून एक नाव आठवतं. ते आपल्या खानदेशातलं नाही, कोकणातलं आहे. पण ते आपल्या मुलांना ठाऊक असावं, म्हणून हा लेख.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव, त्या वेळचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड. डोंगरउताराची जमीन, पावसावरचं भाताचं एक पीक. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत कापूस तरी हाती लागतो. तिकडच्या तरुणाला घराबाहेर पडायला वाटा दोनच, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. यशवंत पलटणीत गेले. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, पायदळ. पुढे ते नाईक झाले. नाईक म्हणजे दंडावर दोन फिती आणि हाताखाली आठ-दहा जवानांची तुकडी. आजच्या हिशेबाने कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाच्या वयात दहा घरांच्या मुलांची जबाबदारी अंगावर.

दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांवर हिंदी माणसं सैन्यात होती आणि सगळी स्वखुशीने भरती झालेली. त्यांतले हजारो इटलीत लढले. १९४४ च्या जूनमध्ये रोम पडलं, जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागलं. पण हटताना प्रत्येक टेकडीवर मशीनगन मांडून बसलं. तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठ्यांच्या एका कंपनीने अशाच एका ठाण्यावर हल्ला चढवला. यशवंत घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले एकटे यशवंत.

मागे वळले असते तर कुणी बोल लावला नसता. ते पुढे धावले. पहिल्यांदा हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प केले. तिथल्या एकाला टॉमीगनने टिपलं. गोळ्या संपल्या, नवी मॅगझिन चढवायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावाने मारलं. ठाणं हाती आलं. पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय बावीस.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला, ब्रिटिश काळातला सर्वोच्च शौर्य सन्मान. १९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून तो त्यांच्या तरुण पत्नीने स्वीकारला. पळसगावच्या घरातली ती बाई दिल्लीच्या त्या दरबारी थाटात उभी राहिली असेल, तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल? मानपत्रात शेवटच्या काही मिनिटांचा तपशील बारकाईने दिलेला असतो. त्याआधीच्या बावीस वर्षांना आणि तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला त्यात जागा नसते.

हे मी आपल्या कट्ट्यावर सांगितलं तेव्हा एका स्नेह्यांनी सरळ विचारलं, "पण सर, तो लढला इंग्रजांसाठी. आपण का आठवायचं?"

प्रश्न रास्त आहे, आणि खानदेशात तर तो जास्तच टोचतो. कारण ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, तिरंगा घेऊन निघालेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळीने पडला. त्याच्यासोबत आणखी चार तरुण पोरं गेली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत यशवंत घाडगे त्याच सरकारच्या गणवेशात इटलीत पडले. एकाने सरकारविरुद्ध झेंडा उचलला, दुसऱ्याने सरकारची बंदूक. मग आपला कोण?

मला वाटतं, दोघंही. दोघांचं काम सारखं होतं असं मी म्हणणार नाही. शिरीषकुमारने मरणाची वाट देशासाठी निवडली. यशवंत यांच्यासमोर त्या क्षणी आपले पडलेले सोबती होते. पण इटलीतल्या त्या टेकडीवर समोर नाझी जर्मनीची फौज होती, हेही विसरून चालणार नाही. आणि आणखी एक गोष्ट. १९४७ नंतर झेंडा बदलला, पण पलटण तीच राहिली. यशवंत यांची तिसरी मराठा बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाइलला आकाशातून उतरली ती हीच, आणि ढाक्यात आधी पोहोचलेल्या आपल्या सैन्यातही हीच होती. बांगलादेश मुक्तीचा आनंद आपण आपला मानतो, तर त्या पलटणीचा आदला इतिहास परका कसा म्हणायचा?

इटलीत साडेपाच हजारांवर हिंदी सैनिक कामी आले. यशवंत घाडगे यांची तिथे कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या गावाचा आणि पळसगावचा एरवी कधी संबंध आला नसता, त्या गावाने ऐंशी वर्षांनी आठवण ठेवली.

आपल्या सोसायटीतल्या कितीतरी घरांची मुळं खेड्यात आहेत, आणि बहुतेक खेड्यांत कुणी ना कुणी फौजी होता. माझी विनंती एवढीच, आपल्या वाचनालयात एक वही ठेवू या. ज्याला आपल्या गावचा सैनिक माहीत असेल त्याने त्यात लिहावं. कसा मेला हे सरकारी कागदात सापडेल. तो शेतात काय करायचा, कोणतं गाणं म्हणायचा, सुट्टीवर आला की आधी कुणाच्या घरी जायचा, हे लिहावं. ते सांगणारी माणसं आता थकली आहेत. त्यांच्याजवळ बसून ऐकण्याचं काम आपल्या मुलांनी या उन्हाळ्याच्या सुट्टीतच हाती घ्यावं.