राणीच्या बागेतील कारागीर

भाईंदरहून दादरला गाडी बदलून भायखळ्यास उतरले, की राणीच्या बागेच्या तोंडाशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची देखणी इमारत लागते. मुलांना पेंग्विन पाहण्याची घाई असते, म्हणून मंडळी बहुधा तिला वळसा घालूनच पुढे जातात. यंदाच्या सुट्टीत तसे करू नये.

आज ज्यांना आपण जुन्या वस्तू म्हणतो, त्या येथे गोळा झाल्या तेव्हा नव्या कोऱ्या होत्या. १८५१ साली लंडनला आणि १८५५ साली पॅरिसला मोठी प्रदर्शने भरली. पॅरिसला धाडण्यासाठी गावोगावच्या कारागिरीचे नमुने मुंबईत जमले, आणि तशाच जोडवस्तू ठेवून घेऊन या शहराचे संग्रहालय सुरू झाले. १८५७ साली ते कोटातील टाउन बराकीत लोकांना खुले झाले खरे. पण त्याच वर्षी उत्तरेत उठाव झाला, लष्कराला बराकी हव्या झाल्या, आणि वस्तू घाईघाईने हलवताना पुष्कळांची नासधूस झाली. ज्या हातांनी त्या घडवल्या, त्यांच्यापर्यंत ही वार्ता पोहोचली तरी असेल का?

पुढे डॉ. बर्डवुड यांनी संग्रह पुन्हा उभा केला. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी त्यासाठी खटपट केली. १८६२ साली पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम उघडले. नानांना ते पाहायला मिळाले नाही. ते १८६५ सालीच वारले. भाऊंचे नाव संग्रहालयाला मिळायला मात्र १९७५ साल उजाडावे लागले.

कपाटांपुढे सावकाश उभे राहावे. बिदरीची भांडी, कोरीवकाम, मुंबईच्या कलाशाळेत घडलेली मातीची पात्रे! सरकारला हवे होते ते व्यापारासाठी नमुने: माल कोणता, गाव कोणते. करणाऱ्याचे नाव विचारण्याचे कारण कोणाला वाटले नसावे. गंमत अशी, की विसाव्या शतकाच्या आरंभी याच संग्रहालयासाठी नाना जातींच्या व धंद्यांच्या माणसांच्या चिमुकल्या मातीच्या मूर्ती घडवण्यात आल्या. पागोटे, हत्यारे, बसण्याची ढब, सारे हुबेहूब आहे. नाव तेवढे नाही.

डागडुजीनंतर २००८ साली दारे पुन्हा उघडली, तेव्हापासून हयात कलावंतांना जुन्या संग्रहाशेजारी आपले काम मांडण्यासाठी बोलावण्यात आले. त्यांची नावे ठळक अक्षरांत लागतात, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या भाईंदरात स्टीलच्या भांड्यांचे कितीतरी कारखाने आहेत. पत्रा दाबून थाळी करायची, कडा वळवायची, फिरत्या चाकावर धरून आरशासारखी झळाळी आणायची. पॉलिशवाल्याच्या अंगावर दिवसभर काळी धूळ बसते. तीच थाळी लग्नात आहेर म्हणून येते. तिच्यावर नाव घातलेले असते, ते देणाऱ्याचे.