इंजिनाला मिळालेले कान

लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीनें १९३८ सालीं ‘हॉर्नबी डब्लो’ या नांवाची विजेची छोटी आगगाडी बाजारांत आणिली. तींतील ‘सर नायजेल ग्रेस्ली’ हें इंजिन पाहून मुलांपेक्षां त्यांचे वडीलच अधिक हरखले असल्यास नवल नाहीं. खऱ्या वाफेच्या इंजिनाची ती प्रतिकृति. पोटांत मात्र वाफेऐवजीं विजेची मोटर. वीज मधल्या रुळांतून यावयाची, मोटरींतून फिरून इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यावाटें बाहेरच्या रुळांत परतावयाची. या रचनेंत हुकूम चाले तो रुळांचा. वीज सोडली कीं त्या रुळांवरचीं सारींच इंजिनें धावूं लागत. एकास थांबवून दुसऱ्यास चालवावयाचें तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकास निराळें बटण बसवावें लागे.

हा जाच चुकविण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. १९६३ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें पांच इंजिनें स्वतंत्रपणें चालविणारी योजना काढिली. १९८० च्या सुमारास हॉर्नबीच्या ‘झीरो वन’नें तो आंकडा १६ वर नेला. टिकली ती जर्मनींतील बर्न्ट लेन्झ यांची पद्धति. तिच्याच आधारें १९९४ सालीं अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननें ‘डिजिटल कमांड कंट्रोल’चें प्रमाण ठरविलें. यांत रुळांत वीज सदैव खेळती असते व तिची दिशा क्षणोक्षणीं उलटते. सेकंदाचे दहा लक्ष भाग केले, तर ५८ भागांनीं उलटणें म्हणजे ‘एक’. १०० किंवा अधिक भागांनीं उलटणें म्हणजे ‘शून्य’. या दोन अक्षरांची लिपि वाचणारा इवलासा डीकोडर इंजिनांत बसतो आणि आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा पाळतो.

अलीकडच्या बहुतेक इंजिनांत तो नुसता खोचून बसतो. १९३८ च्या इंजिनाची गोष्ट निराळी. श्रोत्यांच्या ध्यानांत असेलच कीं, तेथें सांगाडा म्हणजे रूळच, आणि मोटरीचा एक ब्रश त्या सांगाड्याशीं जोडलेला. डीकोडराला तर मोटरीचीं दोन्ही टोकें आपल्या एकट्याच्या ताब्यांत हवीं असतात. त्याच्या तांबड्या व काळ्या तारा रुळांकडे जातात, नारिंगी व करडी मोटरीकडे. करडी तार सांगाड्यास लागलेली राहिली तर पहिल्याच हुकुमाला डीकोडर जळतो. मागें उरतो तो केवळ करपट वास. म्हणून तो ब्रश आधीं सांगाड्यापासून तोडावा लागतो, आणि तो खरोखर तुटला कीं नाहीं हें मापकयंत्रानें पाहावें लागतें. चाकें हातानें अडवून मोटर किती वीज ओढते तेंही मोजलेलें बरें. जुन्या लोहचुंबकाचें बळ ओसरलें कीं ही ओढ वाढते, आणि एक अँपियरच्या डीकोडराला ती सोसत नाहीं. इंजिनाचें कवचही ओतीव धातूचें; तेव्हां डीकोडर मागील कोळशाच्या डब्यांत, वेष्टन घालून ठेवणें सोयीचें, मग मधल्या तारा मात्र वळणावर न ताणणाऱ्या हव्यात.

जुन्या वस्तूंच्या संग्राहकांना ही शस्त्रक्रिया मानवत नाहीं. त्यांची तक्रार अगदींच खोटी नव्हे, कारण मूळचा ब्रशधारक एकदां कापला कीं तो कापलाच. शहाणे कारागीर तो अखंड काढून डबींत जपून ठेवितात व त्याच्या जागीं दुसरा बसवितात. मग त्याच रुळांवर, त्याच विजेवर दुसरें इंजिन स्तब्ध उभें असतां हें म्हातारें एकटेंच हळूहळू चालूं लागतें.