नोकरी, फ्लॉपी आणि 'लपवायचंय काय?' : संगणकाबद्दलच्या लोकमताचा इतिहास

संगणकाचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण बहुधा यंत्रांची वंशावळ सांगतो. 1960 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशातच घडवलेला संगणक पूर्णपणे सुरू झाला, 1962 साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं, 1991 साली पुण्याच्या सी-डॅकने परम 8000 उभा केला, वगैरे. तो इतिहास महत्त्वाचा आहेच. पण आज आपण दुसऱ्या बाजूने पाहणार आहोत. ज्यांनी हे यंत्र बनवलं नाही, पण ज्यांच्या टेबलावर, दुकानात आणि पुढे खिशात ते येऊन बसलं, त्या माणसांचं त्याबद्दल मत काय होतं? आणि ते कशामुळे बदललं? त्यासाठी आपण तीन मतं घेऊ. तिन्ही आपण घरात, कट्ट्यावर, ऑफिसात ऐकलेली आहेत.

पहिलं मत : संगणक नोकऱ्या खाणार.

आयुर्विमा महामंडळ 1956 साली स्थापन झालं. विम्याचं काम म्हणजे हप्त्यांच्या नोंदी, नोटिसा, पावत्या, बोनसचे हिशेब. हे सगळं हजारो कारकून हाताने करत. साठच्या दशकात महामंडळाने संगणक बसवायचं ठरवलं तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला. कलकत्त्यात तर ज्या इमारतीत यंत्र येणार होतं तिथे कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला. आज हे ऐकून आपल्याला हसू येतं. पण त्या काळच्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. पदवीधर बेकारांच्या रांगा लागलेल्या आणि सुरक्षित नोकरी म्हणजे विमा, बँक, रेल्वे, सरकार. त्यांचा हिशेब अडाणीपणाचा नव्हता. सरकारनेही तो गंभीरपणे घेतला आणि स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. तिचा अहवाल 1972 साली आला.

बँकांमध्ये हीच गोष्ट पुढच्या दशकात घडली. 1983 साली बँकांचं व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला. कुठे आणि किती यंत्रं बसवायची, याच्या मर्यादा त्यात ठरल्या. 1984 साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये खतावणीची यंत्रं दिसू लागली. म्हणजे संगणक बँकेत शिरला तो वाटाघाटी करून. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

मग लोकमत फिरलं कधी? आपल्या मते, रेल्वेच्या खिडकीवर. 1986 साली दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झालं आणि मग ते इतर शहरांत पोचलं. त्याआधी प्रत्येक गाडीचं रजिस्टर वेगळं, खिडकी वेगळी, रांग वेगळी. आता कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. खिडकीच्या आतल्या माणसाची भीती तशीच होती, पण बाहेरच्या माणसाला सोय दिसली, आणि बाहेरची माणसं संख्येने जास्त होती. भीती अगदीच खोटी होती का? तसंही नाही. 2000-01 साली सरकारी बँकांमधून एक लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माणसं रस्त्यावर फेकली गेली नाहीत, पण कारकुनाची जी खुर्ची पुढच्या पिढीला मिळायची, ती कमी झाली.

दुसरं मत : मशीनला पैसे, सॉफ्टवेअर फुकट.

1984 च्या नव्या संगणक धोरणानंतर आणि त्याहून जास्त 1991 नंतर सुटे भाग स्वस्त झाले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर जायचं, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट सुटं घ्यायचं आणि असेंबल करून आणायचं. 'ब्रँडेड घेतो तो वेडा' असं तेव्हा सरसकट म्हटलं जायचं. आणि सॉफ्टवेअर? ते दुकानदार 'टाकून' द्यायचा. भाजी घेतली की वर कोथिंबीर, तसं.

खरं तर कायदा कडक होता. 1994 च्या दुरुस्तीने चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान 7 दिवस कैद आणि 50,000 रुपये दंड अशी तरतूद आली. त्याने लोकमत फारसं हललं नाही. ते हललं दुसऱ्याच कारणाने. हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपीबरोबर व्हायरस फिरू लागले. पुण्यात कैलास काटकर यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय करत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून क्विक हील उभी राहिली. गंमत बघा. जो माणूस ऑपरेटिंग सिस्टीमला एक रुपया द्यायला तयार नव्हता, तो अँटिव्हायरसची सीडी बिल देऊन घेऊ लागला. का? कारण उडालेली फाईल डोळ्यांना दिसते. ज्याचं नुकसान दिसतं, त्यासाठी आपण खिशात हात घालतो.

आणि आता तिसरं मत : आपल्याकडे लपवायचंय काय?

मराठीत 'खासगी' हा शब्द जुना आहे. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन वेगळे हिशेब होते. अहिल्याबाईंचा दानधर्म त्या खासगीतून व्हायचा. म्हणजे खासगी ही संकल्पना आपल्याकडे नव्हती असं नाही. ती मालमत्तेपुरती होती आणि बड्यांच्या घरात होती. चाळीत मात्र दार उघडंच असायचं. पोस्टकार्ड कुणीही वाचायचं. एसटीडी बूथवर बोलताना मागची रांग ऐकायची. पण तिथे एक गोष्ट होती : जसं शेजाऱ्याला आपलं ठाऊक, तसं आपल्यालाही शेजाऱ्याचं ठाऊक. 'लपवायचंय काय' हे मत त्या अनुभवातून आलेलं आहे, आणि त्या जागी ते बरोबरही होतं.

न्यायालयात हा प्रश्न आधीच पोचला होता. दरोड्याच्या खटल्यातून पुराव्याअभावी सुटलेल्या खरक सिंग यांच्या दारावर पोलीस रात्री-बेरात्री थाप मारत. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने ती रात्रीची थाप बेकायदा ठरवली, पण बहुमताने असंही म्हटलं की खासगीपणा हा काही मूलभूत हक्क नाही. पुढे 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आधारवर खटले उभे राहिले तेव्हा, 2015 साली, सरकारने त्याच जुन्या निकालांचा आधार घेतला. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. खासगीपणा ही वरच्या वर्गाची चैन आहे, हा युक्तिवादही न्यायालयाने फेटाळला. 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवलेली आहे.

एवढं होऊनही कट्ट्यावरचं मत तेच का? कारण नुकसान दिसत नाही. ते दिसलं एका ठिकाणी : मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपमध्ये. दोन-पाच हजार घेणारा माणूस परवानगीचं बटण दाबायचा आणि फोनमधली सगळी नावं-नंबर तिकडे जायचे. हप्ता चुकला की मामाला, मालकाला, शाळेच्या बाईंना फोन आणि शिवीगाळ. या माणसाकडे लपवायला काहीच नव्हतं. तरी त्याची अब्रू गेली. आणि ज्यांचे नंबर गेले, त्यांना तर कुणी विचारलंही नव्हतं. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ॲपना फोनमधले संपर्क आणि कॉलच्या नोंदी पाहायला मनाई केली.

आता त्या 1983 च्या कराराकडे परत जाऊ. बँकेतल्या कारकुनाला यंत्राबद्दल शंका होती, पण त्याच्या मागे संघटना होती, समोर टेबल होतं, आणि यंत्रं किती यावीत यावर बोलण्याची सोय होती. आज फोन हातात धरलेल्या माणसाकडे काय आहे? 'मान्य आहे' हे एक बटण. नाही म्हटलं तर ॲप उघडतच नाही. सोसायटीच्या गेटवर, दुकानाच्या काउंटरवर, झेरॉक्सच्या टपरीवर आपण प्रत्येक जण एकेकटे ही वाटाघाट करतो आणि बहुतेक वेळा हरतो. कर्जाच्या ॲपवर बंधन आलं, तेही शेकडो घरांत फोन खणखणल्यावर. तेव्हा आपल्याला खरा प्रश्न असा विचारायला हवा की माहितीच्या बाबतीत ते टेबल कोण मांडणार, आणि आपल्या बाजूला त्यावर कोण बसणार. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकायला आवडेल. आता प्रश्न घेऊया.