महाडचा ठराव आणि चवदार तळे

उदारमतवादी की सनातनी, आपला कोण? उत्तर महाडच्या इतिहासात आहे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली मंजूर केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे कागदावर खुले केले. प्रत्यक्षात ते बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब अनुयायांसह पाणी प्यायले. सनातन्यांनी आपल्या माणसांची डोकी फोडली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल मिळायला १९३७ उजाडले.

सनातन्याने जात धर्म म्हणून राखली. उदारमतवाद्याने हक्क दिला, पण जातीच्या सत्तेला हात लावला नाही. म्हणून जाहीरनाम्याला भुलू नका, अंमलबजावणीचा हिशेब मागा. जय भीम!