डिजिटल माध्यमनिर्मितीची मुळाक्षरे

परभणी जिल्ह्यातील कापसाच्या किंवा सोयाबीनच्या शेतात मोबाइलवर केलेले चित्रीकरण आज काही मिनिटांत गावोगाव पोहोचते. मात्र पानावरचा रोगाचा ठिपका त्यात स्पष्ट दिसत नसेल आणि औषधाची मात्रा वाऱ्याच्या आवाजात हरवत असेल, तर ती चित्रफीत पाहून फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याचा हंगाम धोक्यात येऊ शकतो. महागडा कॅमेरा असूनही हा दोष राहतो. कारण तो उपकरणाचा नसून मूलभूत ज्ञानाच्या अभावाचा असतो. या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी म्हणूनच ध्वनी, प्रतिमा आणि अक्षर या तीन बाबी प्रथम समजून घेणे अगत्याचे ठरते.

परभणीला माध्यमांची परंपरा नवी नाही. येथील आकाशवाणी केंद्राचा आवाज मराठवाड्यातील अनेक घरांच्या परिचयाचा आहे. १८ मे १९७२ रोजी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण निर्माण करणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याची माहिती बांधापर्यंत पोहोचवणेही. त्यामुळे शेतीविषयक माध्यमनिर्मिती हे या जिल्ह्यातील तरुणांसाठी अत्यंत स्वाभाविक कार्यक्षेत्र आहे.

ध्वनी : पहिला धडा
माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे आवाज ऐकू येतात. ते अंकांत साठवण्यासाठी संगणक दर सेकंदाला ध्वनीचे हजारो नमुने घेतो. नमुन्यांची संख्या सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक असावी लागते. म्हणूनच संगीताच्या सीडीसाठी ४४,१०० आणि चित्रफितीसाठी सामान्यतः ४८,००० नमुन्यांचे प्रमाण रूढ झाले.

व्यवहारात मात्र सर्वांत मोठा फरक पडतो तो माइकच्या अंतराने. चार-पाच फुटांवरचा मोबाइल बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर वारा, पंप आणि ट्रॅक्टर यांचे आवाजही टिपतो. कॉलरला लावायचा साधा माइक, त्यावर वारा अडवणारे स्पंजचे आवरण आणि ध्वनिमुद्रण चालू असताना कानाला हेडफोन एवढ्याने बरेच काम भागते. तरीही ‘दीड’ आणि ‘अडीच’ यांत ऐकताना गल्लत होऊ शकते. म्हणून मात्रा पडद्यावर आकड्यांत लिहिणे इष्ट.

प्रतिमा आणि संक्षेपण
फुल एचडी चित्राची एक चौकट आडवे १९२० आणि उभे १०८० अशा सुमारे २० लाख ७३ हजार बिंदूंची असते. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरल्यास आणि सेकंदाला २५ चौकटी घेतल्यास एका सेकंदासाठी सुमारे १५५ एमबी जागा लागेल. प्रत्यक्षात सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे एका मिनिटाला सुमारे ६० एमबी एवढ्यात चित्रफीत बसवता येते. ही किमया संक्षेपणाची. दोन चौकटींमध्ये जे बदललेले नाही ते पुन्हा साठवायचे नाही, हे त्याचे मुख्य सूत्र.

शेतातील चित्रीकरणाची खरी अडचण येथेच उद्भवते. वाऱ्यावर हलणारी हजारो पाने आणि थरथरणारा हात यांमुळे प्रत्येक चौकटीत सर्व काही बदलते. उपलब्ध जागेत एवढा तपशील मावत नाही आणि सर्वप्रथम बारीक खुणा पुसल्या जातात. रोगट पान तोडून स्थिर पार्श्वभूमीवर ठेवावे, मोबाइल तिपाईवर लावावा आणि जवळून चित्रीकरण करावे. ठिपका स्पष्ट दिसतो. घरात चित्रीकरण करताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास दिव्यांची लुकलुक टळते.

अक्षरे
मराठी शीर्षके युनिकोडमध्येच लिहावीत. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत बदलतो आणि शोधयंत्रालाही सापडत नाही. काही संकलनप्रणालींत जोडाक्षरे तुटतात. त्यामुळे ‘प्रक्रिया’, ‘व्यवस्था’ यांसारखे शब्द आधी तपासून पाहावेत. इनस्क्रिप्ट कळफलकाचा सराव दीर्घकाळ उपयोगी पडतो.

शिक्षणाच्या सोयी
१९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात परभणी जिल्हा येतो. या विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये सुरू झालेल्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने २०१७ पासून देशाच्या विविध भागांत अल्पकालीन अभ्यासक्रम घेतले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त प्रणालींचे छोटे धडे विनामूल्य असून, त्यांतील अनेक मराठीतही आहेत. ध्वनिसंकलनासाठी ऑडॅसिटी, छायाचित्रांसाठी गिम्प, रेखाचित्रांसाठी इंकस्केप आणि त्रिमितीय चलच्चित्रासाठी ब्लेंडर या प्रणालींनाही पैसे पडत नाहीत.

मोठे शुल्क भरून खासगी अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. केवळ एखाद्या प्रणालीची बटणे शिकवली जाणार, की ध्वनी, प्रकाश आणि संकलन यांची तत्त्वेही? विद्यार्थ्याच्या हातून किती कामे पूर्ण होतील? मागील विद्यार्थ्यांची कामे पाहायला मिळतील काय? प्रणाली दर काही वर्षांनी बदलतात. तत्त्वे तीच राहतात.

कायद्याचे किमान भानही हवे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटगीत पार्श्वसंगीत म्हणून वापरण्यास सामान्यतः परवानगी लागते. ज्याचे चित्रीकरण करायचे त्याची संमती घेणे, हा तर शिष्टाचारही आहे.

सुरुवात तीन मिनिटांच्या एका चित्रफितीने करता येईल. विषय एकच घ्यावा, उदाहरणार्थ बियाण्याची उगवणक्षमता घरी कशी तपासावी. तयार झालेली फीत साध्या मोबाइलवर, उघड्या उन्हात एखाद्या शेतकऱ्याला दाखवावी आणि त्याला काय समजले ते विचारावे. जिथे तो अडखळेल, तिथला ध्वनी, चित्र वा मजकूर पुन्हा करावा.